विकतचे पीठ, घरचे पफ

‘नोकरी करणाऱ्या बायका मुलांना विकतचे खायला घालतात’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेक भगिनींनी कधी ना कधी ऐकलेले आहे. आम्हीही ऐकले आहे. आम्ही म्हणजे एका घरातल्या दोघी जावा. एक रुग्णालयात आया आहे, दुसरी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर. घरी पोचतो तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. आठवड्यात एक रविवार हातात येतो, त्यातही धुणे आणि पाणी भरणे असतेच. तरी महिन्यातल्या एका रविवारी आम्ही मुलांसाठी फळांचे पफ करतो आणि त्याचे पीठ सरळ विकत आणतो. याची आम्हाला लाज वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगायचे आहे.

बेकरीतल्या खारीला आणि पॅटीसला जे पापुद्रे सुटतात ते या पिठाचे. आपण चिरोटे करताना पोळ्यांना साटा लावून त्या एकावर एक ठेवतो, तसाच हा प्रकार. मैद्याच्या पिठात लोण्याचा किंवा मार्गरीनचा थर ठेवतात, लाटतात, तीनपदरी घडी घालतात, गार करतात, पुन्हा लाटतात. दर घडीला थर तिप्पट होतात. मग भट्टीच्या उष्णतेने पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक पदर वर उचलते. घडीची पोळी तव्यावर फुगते, तेच इथे शेकडो पदरांत होते.

हे काम किती कष्टाचे आहे ते आमच्या घरात माहीत आहे, कारण आमचे सासरे, आबा, २६ वर्षे बेकरीत पीठ लाटत होते. लोणी वितळले की पदर एकमेकांना चिकटतात, म्हणून उन्हाळ्यात लाटण्याचे काम रात्री आणि पहाटे चाले. आज त्यांचा उजवा खांदा वर जात नाही. सदरा घालताना कुणीतरी बाही धरावी लागते.

एकदा शेजारच्या मावशी त्यांना म्हणाल्या, “आबा, तुमच्यासारखा कारागीर घरात असून सुना पीठ विकतचं आणतात?” आबा म्हणाले, “विकतचं म्हणजे काय आभाळातून पडतं का? माझ्यासारखा कुणीतरी रात्रभर उभा राहतो तेव्हा ते होतं. आणि आमच्या पोरी दिवसभर उभ्या राहून कमावतात तेव्हा ते घरात येतं. यात आळशी कोण, ते सांगा.” आमच्या बाजूने असे कुणी बोलल्याचे आम्ही पहिल्यांदाच ऐकले.

आता कृती. पफचे गोठवलेले पीठ मोठ्या दुकानांत शीतपेटीत मिळते. काही बेकरीवाले आधी सांगून ठेवले तर कच्चे पीठ देतात. पाकिटावरचा मजकूर वाचून घ्यावा. ट्रान्सफॅट म्हणजे हृदयाला घातक असलेली चरबी. २०२२ च्या जानेवारीपासून आपल्या देशात तेल-तुपात आणि त्यापासून केलेल्या पदार्थांतल्या स्निग्धात तिचे प्रमाण २ टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही. तरीही हा पदार्थ स्निग्धच आहे, रोजचा नव्हे.

४०० ग्रॅम पीठ आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावे. दोन सफरचंदांच्या बारीक फोडी, तीन चमचे साखर, चिमूटभर दालचिनीची पूड आणि थोडा लिंबाचा रस कढईत शिजवावा. शेवटी चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घालावे, म्हणजे रस आळतो. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये, कारण गरम सारणाने लोणी वितळते आणि पाणी सुटले तर तळ कच्चा राहतो. संध्याकाळी हातगाडीवर स्वस्तात मिळणारी, थोडी डागाळलेली सफरचंदे डाग काढून चालतात. अननस किंवा मे महिन्यात आंबाही चालतो, पण तोही आधी आटवून घ्यावा.

पिठाचे आठ चौकोन करून मधोमध चमचाभर सारण ठेवावे, कडांना पाण्याचे बोट लावून त्रिकोणी घडी घालावी, काट्याने कडा दाबाव्यात आणि वर सुरीने दोन चिरा द्याव्यात. वरून दूध लावावे, पण कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नये, नाहीतर पदर चिकटतात. ओव्हन आधी २०० अंशांवर तापवून २० ते २५ मिनिटे भाजावे. पहिली १५ मिनिटे दार उघडू नये. १५०० वॅटचा छोटा ओव्हन ४० मिनिटे चालला तरी जास्तीत जास्त एक युनिट वीज लागते.

सफरचंदे चिरायचे काम थोरल्या मुलाकडे आहे. हा मुलगा पूर्वी मित्रांना ‘आजोबा बेकरीत होते’ असे सांगायचे टाळत असे. एके रविवारी त्याने आबांना विचारले, “घड्या किती घालायचा?” आबा म्हणाले, “सहा.” त्याने वहीत तीन, नऊ, सत्तावीस असे करत शेवटी ७२९ हा आकडा काढला आणि मोठ्याने वाचून दाखवला. आबांची शाळा चौथीत सुटली. त्यांनी आकडा पुन्हा वाचायला सांगितला. “एवढे थर?” असे म्हणून ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मुलाने ते वहीचे पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे.

भगिनींनो, वेळ वाचवण्यात कमीपणा नाही. तयार वस्तू जरूर आणा. फक्त ती ज्यांनी तयार केली त्यांचे श्रम मुलांना सांगा, आणि घरातल्या मुलग्यांच्या हातीही सुरी द्या.