पुन्हा पाहिलेले रामायण

लहानपणी धारूरच्या डोंगरातली सीताफळे जशी लागत तशी आता लागत नाहीत, अशी तक्रार आमच्या भागातला प्रत्येक पन्नाशीचा माणूस करतो. सीताफळ तेच असते, जीभ मात्र मधल्या काळात पुष्कळ काही चाखून आलेली असते. जुन्या मालिकांविषयीही लोक असेच बोलतात. "तेव्हा काय मजा होती हो!" असे म्हणतात आणि पुन्हा पाहायचे टाळतात. 1987 सालचे रामायण 2020 साली मला तेलगावात बसून संपूर्ण पाहावे लागले. 'लागले' अशासाठी म्हणतो की, टाळेबंदीमुळे घराबाहेर पडायची सोय नव्हती.

तेलगाव हे नाक्याचे गाव. बीड-वडवणीकडून परळीला जाणारा रस्ता येथूनच जातो, माजलगाव आणि धारूरचे रस्तेही येथेच मिळतात. गावाजवळच सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे हंगामात नाक्यावर उसाच्या गाड्यांचा राबता असतो. असा नाका त्या मार्चअखेरीस दिवसाढवळ्या ओस पडला होता. 28 मार्चपासून दूरदर्शनने रामायण पुन्हा सुरू केले, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. 16 एप्रिलचा भाग 7 कोटी 70 लाख लोकांनी पाहिला, असे दूरदर्शनने पुढे जाहीर केले. त्या आकड्यावरून वाद झाला, तो बाजूला ठेवू. त्या कोटींमध्ये आमच्या घरातले पाच जण होते, आणि त्यांपैकी दोघींविषयीच मला सांगायचे आहे. एक माझी आत्या, वय वर्षे 78. दुसरी माझ्या थोरल्या भावाची नात, वय वर्षे 11.

पहिल्या खेपेला, म्हणजे 25 जानेवारी 1987 पासून, हेच रामायण आम्ही शेजारच्या वाड्यात पाहिले होते. संच काळापांढरा, पडद्यावर चित्र कमी आणि मुंग्या जास्त. एक पोरगा माळवदावर अँटेना धरून उभा आणि खालून सगळे ओरडताहेत, "आलं, आलं! गेलं, गेलं!" रविवारी हमखास लाइट जायची, मग कोणी तरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचा. बाया डोक्यावर पदर घेऊन बसत, संचाला हार घालत, उदबत्ती लावत. अरुण गोविल पडद्यावर आले की म्हातारे हात जोडत. या गर्दीत माझी आत्या नेहमी दाराच्या उंबऱ्याशी, अर्धी आत अर्धी बाहेर अशी बसे. तिला 1961 साली, एकोणीस वर्षांची असताना, नवऱ्याने टाकली होती. कारण काय, ते कधी कोणी नीट सांगितले नाही. 'ती काही तरी बोलली' असे सासरचे म्हणत, आणि आमच्या घरात तो विषय निघाला की कोणाला तरी गोठ्यात काम आठवे. तेव्हापासून ती भावाच्या घरी राहिली. आमची सगळ्यांची न्हाणी-धुणी तिने केली, पण ओवाळायला तिला पुढे कोणी बोलावले नाही.

आता मालिकेचे पाहू. आजच्या डोळ्यांना तिच्यातले बाण हास्यास्पद वाटतात, यात शंका नाही. दोन बाण आकाशात समोरासमोर येतात, थांबतात, एकमेकांना न्याहाळतात आणि मग विझतात. पोरगी म्हणाली, "हे बाण इतके हळू कामून जातेत?" दरबारात एक वाक्य बोलले गेले की सगळ्या मंत्र्यांचे चेहरे ओळीने दाखवायचे, ही रीत तर फारच जुनाट झाली आहे. मुगुट पुठ्ठ्याचे वाटतात, राक्षस पोट धरून हसतात. मुळात 52 भागांचा बेत होता, तो 78 भागांवर गेला, आणि ते लांबवणे पुष्कळ ठिकाणी जाणवते.

पण एक गोष्ट तेव्हा मुंग्यांमधून दिसलीच नव्हती, ती आता स्वच्छ पडद्यावर दिसली. जयश्री गडकरांची कौसल्या! तंबूतल्या टॉकीजात 'सांगत्ये ऐका' पाहून वेड्या झालेल्या आमच्या वडीलमंडळींना ही बाई ठसक्यासाठी ठाऊक. रामायणात ती नुसती उभी राहते, आणि मुलगा वनात निघाला आहे हे तिच्या खांद्यांवरून कळते. समोर दशरथ झालेले बाळ धुरी हे त्यांचे खरेच यजमान. त्या दोघांमधल्या अबोल्यात जे आहे ते बाणांच्या शंभर युद्धांत नाही. ललिताबाई पवारांची मंथरा तर बोलूच नये अशी. आमच्या पोरीला पहिल्याच दिवशी तिचा राग आला आणि तिसऱ्या दिवशी तिची नक्कल येऊ लागली. संजय जोगांचा भरत पादुका मागतो तेव्हा खोलीत कोणी हलले नाही. संथपणाही मला मग तितकासा खुपेना. घाई करून कुठे जायचे होते?

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. आपले रामायण सुरू झाले त्याच सुमारास, 1986 साली, चीनच्या सरकारी वाहिनीने 'पश्चिमेची यात्रा' ही 25 भागांची मालिका दाखवली. यांग जिये या बाईंनी ती केली, बरेचसे चित्रण एकाच कॅमेऱ्यावर, वर्षानुवर्षे हिंडून. तिच्यात एक भिक्षू धर्मग्रंथ आणायला भारतात निघतो आणि त्याचा पाठीराखा असतो एक वानर. हा भिक्षू म्हणजे सातव्या शतकात खरोखर महाराष्ट्रात येऊन गेलेला, आणि इथली माणसे मानी आहेत असे लिहून ठेवणारा आपला ह्युएनत्संग. तिथला वानर पिढ्यान्‌पिढ्या रंगभूमीवर वानराच्या भूमिका करणाऱ्या घराण्यातला, आपला हनुमान आखाड्यातला दारासिंग. तिथेही उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मालिका पुन्हा पुन्हा दाखवली जाते, आणि तिथेही नव्या पिढीची पोरे त्या जुन्या करामतींना हसतात नि शेवटपर्यंत बसून पाहतात. गरीब साधनांनी केलेल्या कामात माणसाच्या चेहऱ्यावरच भिस्त ठेवावी लागते. चेहरा लवकर जुना होत नाही.

एप्रिलच्या मध्यानंतर कारखान्यांवर अडकून पडलेल्या ऊसतोड मजुरांना गावी परतू द्यायचे ठरले. बीड जिल्ह्यातले हजारो लोक पश्चिम महाराष्ट्रातून परतू लागले. पण आल्याबरोबर घरात शिरायची मुभा नव्हती. आमच्या शिवारात काही कुटुंबे शेतात पाली ठोकून राहिली, घरची माणसे लांबूनच भाकरी ठेवून येत. त्याच दिवसांत, 19 एप्रिलपासून, उत्तर रामायण सुरू झाले.

या उत्तर रामायणाची हकीकत मोठी बोलकी आहे. 1988 साली रामायण राज्याभिषेकाशी संपले तेव्हा, वाल्मीकींना आपला पूर्वज मानणाऱ्या उत्तरेतल्या सफाई कामगारांनी पुढची कथाही दाखवा म्हणून काम बंद केले होते. मग लवकुशांची कथा झाली. करताना मात्र करणारे बिचकलेले दिसतात. अग्निपरीक्षेच्या वेळी 'खरी सीता आधीच अग्नीकडे ठेवली होती' असा तुळसीदासी उलगडा ठेवून ते मोकळे झाले, आणि इथे तर सीता स्वतःच वनात जायचा हट्ट धरते. राम दुःखी, सीता उदार, कोणाकडेच दोष नाही.

1988-89 च्या त्या पहिल्या खेपेला सीता रथात बसली तेव्हा आत्या उंबऱ्यावरून उठली आणि चुलीकडे गेली. मला ते आठवते, कारण त्या दिवशी स्वयंपाक आधीच झाला होता. या खेपेला मात्र ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, आणि उठली नाही.

पोरगी म्हणाली, "बघ आजी, ती आपल्या मनानंच चालली. कुणी काढलं नाही तिला."

आत्या पडद्याकडे पाहतच म्हणाली, "आपल्या मनानं कुणी जात नसतं, माय. जाते म्हणायला लावतेत."

माझा भाऊ रिमोट शोधू लागला. तो त्याच्या मांडीवरच होता. एकोणसाठ वर्षे जी गोष्ट या घरात कोणी विचारली नाही, ती अकरा वर्षांच्या मुलीने सरळ विचारली, "तुला पण लावलं का?" आत्या म्हणाली, "मंग!" एवढेच. पुढे जाहिरात लागली.

ही मालिका आज टिकते का, असे मला कोणी विचारले तर मी बाणांची गोष्ट काढणार नाही. बाण तेव्हाही खोटेच होते आणि आम्हांला ते चालत होते. जिथे करणाऱ्यांनी अवघड जागेवरून अंग चोरून पाय काढला आहे, तिथे ती मालिका जीर्ण झाली आहे. तीही पडद्यावरच, आमच्या खोलीत ती त्या दिवशी चांगली ताजी निघाली.

त्याच दिवसांत दूरदर्शनच्या दुसऱ्या वाहिनीवर बी. आर. चोप्रांचे महाभारतही पुन्हा लागले होते. संवाद राही मासूम रझा यांचे. ते तर मला रामायणापेक्षा कसदार वाटते, कारण तिथे कोणी कोणाला निर्दोष ठरवायच्या खटपटीत नाही. रूपा गांगुलीची द्रौपदी भर सभेत विचारते की, जो स्वतःला आधी हरला त्याला मला पणाला लावायचा हक्क कुठला, आणि भीष्मासकट सगळ्या सभेला खाली पाहावे लागते. तो भाग आत्याचा दुपारच्या डुलकीत हुकला होता. पोरीने तो तिला मोबाइलवर लावून दिला. आत्याने तो पाहिला आणि म्हणाली, "आणखी एकदा लाव." मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला द्रौपदीचे तोंड उघडे राहिले आणि चित्र तिथेच थिजले. त्या दिवसाचे नेट संपले होते.

आत्याने कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून घडी घातलेली दोनशेची नोट काढली आणि पोरीच्या हातावर ठेवली.

"मोठं रिचार्ज मार," ती म्हणाली, "मला समदं बघायचंय."