भुईचाफ्याचा वाफा

वसतिगृहामागे आंब्यांची दाट सावली होती. तिथे झेंडू फुलत नसे, शेवंतीही नाही. एका मृगात स्वयंपाकघरातील मावशींनी सुरगाण्याकडील आपल्या घरून भुईचाफ्याचे कंद आणले. "याला सावलीच मानवते," त्या म्हणाल्या. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून आम्ही पाच मुलांनी वाफा वीतभर उंच केला, त्यात वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळला आणि कंद दोन बोटे खोल लावले. पावसाळाभर जांभळट पाठीची नक्षीदार पाने डोलत राहिली.

कार्तिकात पाने पिवळी पडून नाहीशी झाली. रिकामा वाफा आम्हांला पाहवेना. आम्ही रोज पाणी घातले. अखेर माघात, कंद मेले असे ठरवून, सगळे उकरून खतखड्ड्यात टाकले. मावशी रागावल्या नाहीत. कुजलेले कंद बाजूला काढून उरलेले घट्ट कंद त्यांनी पुन्हा मातीत ठेवले. "झोपलेल्याला पाणी पाजायचं नसतं, लेकरांनो," एवढेच म्हणाल्या.

परीक्षा संपली, वसतिगृह रिकामे झाले. आमचे आईवडील एप्रिलच्या खरड छाटणीसाठी द्राक्षबागांतून फिरत असल्याने आम्ही पाच जण मागे राहिलो. त्या उदास सुटीत एका सकाळी, एकही पान नसताना, उघड्या मातीतून पांढरी-जांभळी सुगंधी फुले वर आली. सायंकाळी ती मलूल झाली. दुसऱ्या दिवशी शेजारी नवी उमलली. बुद्धपौर्णिमेला एक फूल आम्ही मूर्तीपुढे ठेवले. पुष्पपूजेतील कोमेजणाऱ्या फुलाचे शब्द आम्ही पाठ म्हणत असू. अर्थ त्या सायंकाळी कळला.

आज आम्ही स्वतः पालक आहोत. एखादे मूल अबोल झाले, मागे पडले, की त्याला रोज उकरून पाहण्याचा मोह होतो. तेव्हा तो खतखड्डा आठवतो.

मावशी आता नाहीत, वाफा आहे. त्रिरश्मीच्या १० व्या लेण्यात, वर्षावासाला मुक्कामी राहणाऱ्या भिक्खूंच्या चीवरांसाठी उषवदाताने दान ठेवल्याचा लेख आहे. राहणाऱ्यांची काळजी वाहणे ही नाशिकची जुनी रीत. सुटीत घरी न जाणारी मुले आजही आपल्या शाळेत असतात. माजी विद्यार्थ्यांनी वैशाखात एकदा यावे, त्यांच्या पंगतीला बसावे, आणि जाताना एक कंद न्यावा.