सादिलचे पैसे

सत्तरच्या दशकात माण तालुक्यातल्या आमच्या गावची शाळा दोन खोल्यांची होती. एक खोली जिल्हा परिषदेची, दुसरी गावाने लोकवर्गणीतून बांधलेली. कुणी दगड दिला, कुणी बैलगाडी लावली, ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते श्रमदानाला उभे राहिले. मृगाआधी गुरुजी पारावर येऊन नुसतं म्हणायचे, "कौलं परतायला झालीत," की चार गडी शाळेवर चढायचे. अर्ज नाही, ठराव नाही.

त्याआधीच, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या होत्या. पगार राज्याच्या अनुदानातूनच होत. खडू, हजेरीपट, डस्टर यांच्यासाठी सादिल, म्हणजे किरकोळ खर्चाचे पैसे, मिळे, तेही उशिरा. तोवर गुरुजी दुकानातून खडूची पेटी उधार आणत. ते दिवस मला प्रिय आहेत, पण गावाकडे तेव्हा फक्त माया होती. पैसा नव्हता, अधिकारही नव्हता.

आज दोन्ही थोडेथोडे आले आहेत. 73वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली. 2015 पासून, 14व्या वित्त आयोगाच्या काळात, पंचायतींसाठीचा आयोगाचा सगळा निधी ग्रामपंचायतींनाच मिळू लागला. शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात. समग्र शिक्षा योजनेच्या 2021 ते 2026 च्या निकषांत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान होतं. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातच. छत गळू लागलं तर प्रस्ताव वर पाठवायचा आणि वाट बघायची.

ग्रामपंचायतीचे हातही मोकळे नाहीत. 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी दिलेल्या निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेल्या 40 टक्क्यांवर रस्ता, गटार, पेव्हर ब्लॉक यांचाही डोळा. रस्ता झाला की लगेच दिसतो. तिसरीतली पोर धडा अडखळत वाचते की सरळ, हे कोण बघतं? शिवाय 'शाळा सरकारची' असं म्हणायची सवय आपल्याला लागली आहे. मला सर्वांत जास्त सलतं ते हेच.

गावाच्या पैशावर गावाचा हक्क वाढायलाच हवा, बांधलेला हिस्सा कमी व्हायला हवा. पण आज जो हक्क आहे तो तरी वापरू या. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा, विकास आराखडा मागा आणि शाळेपुढे किती रक्कम लिहिली आहे ते सरपंचांना सर्वांसमक्ष वाचून दाखवायला सांगा.