रिकामी मेमरी आणि आम्ही



शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांच्या पानांचे फोटो संगणकात साठवल्याचे आम्ही मागच्या अंकात मोठ्या अभिमानाने लिहिले होते. आता त्याच संगणकाबाबत आमच्या हातून झालेली चूकही लिहिणे भाग आहे.

मे महिन्यात ऐंशीच्या घरातले एक माजी विद्यार्थी जन्मतारखेच्या दाखल्यासाठी भर उन्हात आले. पान सापडेपर्यंत पाऊण तास बाकावर बसून राहिले. तक्रार केली नाही, पण आम्हालाच त्यांच्याकडे बघवेना.

संगणकावर लिनक्स आहे. त्यात मोकळी मेमरी दाखवणारी एक आज्ञा असते. हा आकडा दुपारपर्यंत अगदी खाली आलेला दिसे. आम्ही हिंदी माध्यमाचे, कला शाखेचे स्नातक. आमचा हिशेब सरळ : मेमरी भरली म्हणून यंत्र थकले. तेव्हा दाखल्यासाठी कोणी आले की आधी संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा, असा नियमच आम्ही लावला. वर नव्या मेमरीचा प्रस्तावही विश्वस्तांकडे धाडला.

शेवटी संगणकाच्या सरांनी धीर करून सांगितले, "सर, आपण दर वेळी त्याची शिदोरी फेकून देतो आहोत."

मग त्यांनी समजावले. आपली डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 8 मिलिसेकंदांहून थोडे जास्त. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत थांबावेच लागते. मेमरी त्यापेक्षा सुमारे लाखपट चपळ. म्हणून लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, एकदा वाचलेले सगळे मोकळ्या मेमरीत ठेवून देतो. पुन्हा मागितले की डिस्ककडे जावेच लागत नाही. एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली तर हा साठा लगेच सोडून देतो. म्हणजे ती मेमरी भरलेली दिसली तरी अडलेली नसते. हा घोळ आमच्या एकट्याचा नव्हता म्हणे. 2014 साली कर्नलमध्ये खरोखर किती मेमरी मिळू शकेल याचा वेगळा आकडाच घालावा लागला. तो आमच्या पडद्यावरही होता. आम्ही शेजारचा वाचत होतो!

कर्नल अंदाजही बांधतो. फाइल ओळीने वाचली जाते आहे असे दिसले की न मागता पुढचा भाग आणून ठेवतो, बहुधा 128 किलोबाइटपर्यंत. 2 मेगाबाइटचा फोटो 4 किलोबाइटच्या तुकड्यांनी आणायचा तर 512 खेपा. असा आणला तर साधारण 16. रेकॉर्ड रूममधून एकेक कागद आणणारा शिपाई आणि गठ्ठाच उचलून आणणारा शिपाई, यांतला हा फरक. ही पद्धत 2007 साली वू फेंगग्वांग यांनी नव्याने बसवली. मात्र आज इथले, उद्या तिथले पान उघडले तर अंदाज चालत नाही, आणि दाखल्याचे काम नेमके तसेच असते.

नव्या मेमरीचा प्रस्ताव आम्ही मागे घेतला आहे. त्याऐवजी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी, अशी सरांची सूचना पुढील बैठकीत ठेवू. संगणक आता सकाळी एकदाच सुरू होतो. त्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही पत्र लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.