उशिराचे मोजमाप

संगणक सुरू केल्यावर पडदा काही क्षण काळाच राहतो. त्या अवधीत आत जे चालते त्यातल्या एका भागाला अभियंते ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला ‘स्मृती’ आणि ‘शिक्षण’ हे शब्द असे शेजारी शेजारी दिसले, की कान टवकारणे साहजिक आहे. माझा भाचा पुण्यात चिपच्या आराखड्यांचे काम करतो. आठवण्याआधी स्मृतीला शिकवावे लागते काय, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘मामा, शिकायचे असते ते मेमरीला विचारणाऱ्याने.’’

त्याने सांगितले ते असे. मेमरीच्या पट्टीवर आठ-नऊ चिपा ओळीने बसवलेल्या असतात. त्यांच्याशी व्यवहार करणारा ‘कंट्रोलर’ दूर, प्रोसेसरच्या पोटात असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या डीडीआर-३ या मानकातल्या एका सर्वपरिचित वेगात एका बिटच्या वाट्याला ६२५ पिकोसेकंद येतात, म्हणजे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. तेवढ्या वेळात तांब्याच्या रेघेवरून संदेश जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटर जातो आणि पट्टीची लांबी तर तेरा सेंटिमीटर! पहिल्या चिपला घड्याळाचा ठोका ऐकू येतो तेव्हा शेवटचीला तो पोचलेलाच नसतो.

आधीच्या पिढीत यावर उपाय होता तो समतेचा. ठोका नेणाऱ्या रेघेला झाडासारख्या फांद्या फोडायच्या आणि प्रत्येक फांदी सारख्या लांबीची ठेवायची. वेग वाढला तसे त्या फांद्यांच्या टोकांवरून प्रतिध्वनी उमटू लागले. मग डीडीआर-३ मध्ये हा आग्रहच सोडून दिला गेला. आता ठोका एकाच रेघेवरून एकेका चिपला शिवत पुढे जातो. गडचिरोलीहून निघालेली एसटी चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत भामरागडला पोचते, तसा. सकाळचे वर्तमानपत्र प्रत्येक गावी वेगळ्या वेळी ‘ताजे’ असते, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडपुरती ती वेळ आणखी लांबते.

भिन्नता मान्य केल्यावर उरते ते मोजमाप. कंट्रोलर प्रत्येक चिपकडे ‘स्ट्रोब’ नावाचा एक इशारा पाठवतो आणि विचारतो, हा पोचला तेव्हा तुझ्याकडे घड्याळाचा ठोका आलेला होता काय? चिप शून्य किंवा एक एवढेच उत्तर देते. कंट्रोलर आपला इशारा किंचित उशिरा पाठवतो, पुन्हा विचारतो. शून्याचे एक झाले, की त्या चिपचे अंतर कळले. ते तो नोंदवून ठेवतो आणि पुढे तिच्याशी बोलताना तेवढा उशीर स्वतः पाळतो. शेवटची चिप मागे पडली असे कुणी म्हणत नाही. उशीर हा तिथे दोष नसून पत्ता असतो.

हे ऐकताना मला काही वर्षांपूर्वीचे एक चर्चासत्र आठवत होते. झाडीपट्टीच्या नाटकांविषयी बोलताना तिथे एका विद्वानाने ती मुंबईच्या रंगभूमीहून पन्नास वर्षे मागे असल्याचा निकाल दिला होता. रात्रभर चालणारा प्रयोग, मध्येच येणारी गाणी, लावणी, हुकमी रडू, हे सारे त्यांच्या लेखी ‘तिकडे संपलेले’ होते. त्यांनी एकही प्रयोग पाहिला नव्हता, हे चहाच्या वेळी समजले. विचारणाऱ्याने शिकायचे असते हा नियम आपल्या समीक्षेत का रुळला नाही, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर पुष्कळांनी झाडीपट्टीचे नाव आदराने घेतले. मोजपट्टी मात्र बदललेली दिसली नाही.

आणि एकदा मोजले म्हणजे झाले, असेही नाही. मेमरीतली प्रत्येक नोंद म्हणजे अणुमात्र विद्युतभार असतो, आणि तो सतत गळत असतो. म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले, की ही मुदत निम्म्यावर येते. शिवाय चिप आपला विद्युतरोध बाहेर बसवलेल्या २४० ओहमच्या एका रोधाशी अधूनमधून ताडून पाहते, कारण उष्णतेने तिचा स्वतःचा अंदाज ढळतो. मे महिन्यात ४६-४७ अंशांचे चंद्रपूर सोसणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र ही उपमा मी पूर्णपणे स्वीकारू शकत नाही. मेमरीत घड्याळ एकच असते आणि ते केंद्राच्या मालकीचे असते. झाडीपट्टीचे घड्याळ तिचे स्वतःचे आहे. धान निघते, दिवाळी होते, गावोगावच्या मंडया, शंकरपट सुरू होतात आणि वडशाच्या कंपन्या बाहेर पडतात. हा उशिरा पोचलेला मुंबईचा ठोका नव्हे.

त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातच दुसरा दाखला आहे, तो भद्रावतीचा. पश्चिम आणि दक्षिण भारताची वीजजाळी एकेकाळी आपापल्या लयीत चालत. दोन्हीकडे नाममात्र ५० हर्ट्झ, पण ठोके जुळलेले नाहीत. थेट जोडणे शक्यच नव्हते. म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस भद्रावतीला १००० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. एका बाजूची प्रत्यावर्ती वीज तिथे आधी एकदिश केली जाते आणि त्याच आवारात पुन्हा प्रत्यावर्ती करून, दुसऱ्या बाजूच्या लयीत, पलीकडे दिली जाते. कुणालाही आपला ताल सोडावा लागत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकतालात आले. त्यानंतरही भद्रावतीचे केंद्र मोडीत निघाले नाही, कारण किती वीज कोणत्या दिशेला जावी, हे तिथे ठरवता येते.

येत्या हंगामात एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन वडशाकडे जायचे ठरते आहे. पडदा किती वाजता उघडला, कोणते गाणे किती वेळा पुन्हा म्हणावे लागले, प्रेक्षक कोणत्या प्रवेशाला उठले आणि कोणत्या प्रवेशाला परतले, एवढेच टिपून आणा, मते नंतर लिहू, असे मी त्यांना सांगितले आहे.