वेचणीच्या दिवसांतली लेकरं

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावच्या झोपडपट्टीतल्या बायका वेचणीच्या दिवसांत सकाळीच ऑटोत दाटीवाटीनं बसून शिवारात जातात. मजुरी किलोवर. लेकराला पाजायला बसलं की तेवढा कापूस कमी भरतो. म्हणून तान्हं घरी राहतं, आणि सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध हा सल्ला तिथंच मोडतो. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. तेवढ्यावर सहा महिने घरी कोण बसेल?

*

रेशनचं धान्य माणशी ५ किलो, २०२३ पासून फुकट. डब्यात गहू-तांदूळ असतात, तरी लेकरू वाळतं. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट वाटीभर; सहा महिन्यांनंतर त्याला दिवसातून तीन-चारदा, घट्टसर, वरून तेल घालून भरवावं लागतं. ते करते नऊ-दहा वर्षांची बहीण, स्वतःची शाळा बुडवून. बाळ रडलं की ती पाच रुपयांची खाऊची पुडी फोडते. तिला दोष कसा द्यायचा?

*

वरणाचं पाणी. आजी मायेनं वरची निवळ बाळाच्या वाटीत घेते, डाळ बाधेल म्हणून तळाशीच ठेवते. ती डाळ कर्त्या पुरुषाच्या ताटात जाते. सून शेवटी जेवते.

*

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी. २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं. कोवळ्या वयाच्या आईचं बाळ पोटातच अशक्त राहतं, म्हणून हे दोन आकडे एकत्रच वाचायला हवेत.

*

लेकराच्या दंडाचा घेर पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल: अतितीव्र कुपोषण. अंगणवाडी सेविका सांगते, पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवा. सासू विचारते, "मंग घरच्या बाकी लेकरायले कोन रांधून घालन?" प्रश्न खोटा नाही. आईला मात्र कुणी विचारत नाही.

*

जिजाऊंचं सिंदखेडराजा याच जिल्ह्यातलं. त्यांच्या नावाचं राज्याचं पोषण मिशन २००५ मध्ये सुरू झालं, त्यानं पुढे गर्भारपणापासूनचे पहिले हजार दिवस धरले. २०१२ च्या राज्य पाहणीत दोन वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २३ वर आलेलं दिसलं. म्हणजे हे घडवता येतं.

*

तीन वर्षांखालच्यांना अंगणवाडीतून शिध्याचं पाकीट घरी मिळतं. ते शिजवणारी शेतात असते. ऑटो सुटण्याआधी उघडणारं आणि ऑटो परतेपर्यंत चालणारं पाळणाघर वस्तीतच हवं, निदान कापसाच्या हंगामात. नगरपालिकेनं जागा द्यावी, अंगणवाडीनं शिधा.