जुन्या फोर्कलिफ्टचा मास्ट

फोर्कलिफ्टच्या पुढ्यात उभा असलेला पोलादी सांगाडा म्हणजे मास्ट. दोन चॅनेल बाहेर, दोन आत. आतली जोडी रोलरवर सरकत चढते, तिला हायड्रॉलिक सिलिंडर रेटतात आणि काटे बसवलेली कॅरेज साखळ्यांनी वर ओढली जाते. सिलिंडर एक फूट चढला की काटे दोन फूट चढतात, ही त्या साखळीची करामत.

एरंडोल-धरणगाव पट्टा कापसाचा. प्रेसमधून बाहेर पडणारी रुईची गाठ साधारण १७० किलोची. ती आकडे लावून हलवणे हे पिढ्यान् पिढ्या हमालांचे काम होते. त्यांच्यासाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, त्याच्या सहा वर्षे आधी, १९६३ मध्ये, गोदरेजने देशात फोर्कलिफ्ट बनवायला सुरुवात केली होती. जिनिंगच्या आवारात मात्र हे यंत्र अनेकदा दुसऱ्या हाताचे येते. उमेदीची वर्षे मोठ्या शहरातल्या गोदामात, उतारवय कापसाच्या हंगामात.

हे उतारवय मास्टला सोसत नाही. हवेत तरंगणारे तंतू साखळीच्या आणि रोलरच्या ग्रीसमध्ये रुततात आणि त्यांची दिव्याच्या वातीसारखी घट्ट वळी होते. रोलर फिरायचा थांबतो, घासत जातो, चॅनेलला खाच पडते. ठिणगी पडली तर ती वळी पेटायलाही वेळ लागत नाही. साखळी मोजून पाहावी: मुळात एक मीटर असलेला भाग ३ सेंटीमीटर वाढला की साखळी बाद. साखळी, रोलर, सील किट बदलून भागत असेल तर तेवढेच करावे. चॅनेल वाकले, चिरले किंवा त्यांची भिंत पातळ झाली, की वेल्डिंगचे ठिगळ लावू नये, मास्टच बदलावा.

खरी गफलत दुसरा मास्ट निवडताना होते. भंगारबाजारात उंच मास्ट मिळाला की गाठींचा आणखी एक थर लावता येईल, असा हिशेब मांडला जातो. पण पुढच्या चाकांचा आस हा टेकू, एका बाजूला ओझे, दुसऱ्या बाजूला मागचे वजन. जड मास्ट टेकूच्या पुढे बसतो आणि ओझ्याच्या वाट्यातला भार स्वतःच खातो; उंचीवर थोडेसे झुकणेही घातक ठरते. गाठी कवटाळणारा क्लॅम्प लावला की ओझे आणखी पुढे सरकते. एका वेळी सहा गाठी उचलायच्या तर ओझेच १,०२० किलोंचे होते. तेव्हा दोन टनी यंत्र सगळीकडे दोन टन उचलते, हा समज सोडावा. शिवाय लांब सिलिंडरला तेल जास्त लागते. टाकी तेवढे पुरवते का, तेही आधी पाहावे.

काम सपाट काँक्रीटवर करावे. मास्ट पूर्ण खाली घ्यावा, काटे आणि कॅरेज उतरवावी, इंजिन बंद करून लिव्हर हलवून तेलातला दाब सोडावा, चाकांना उटी लावावी. मास्ट हायड्रा क्रेनला किंवा भक्कम चेनब्लॉकला नीट टांगल्याशिवाय टिल्ट सिलिंडरच्या पिनांना हात लावू नये. मास्टला उभे धरून ठेवणाऱ्या त्याच असतात. होज सोडून त्यांची तोंडे लगेच बंद करावीत, जिनिंगमध्ये तर नक्कीच. शेवटी मास्टच्या खालच्या टेकूच्या कॅप उघडून तो पुढे काढावा. या वेळी टांगलेल्या ओझ्याखाली कोणीही नसावे, मालकसुद्धा.

नवा मास्ट बसवताना टेकूचे बुश नवे घालावेत. दोन्ही टिल्ट सिलिंडर एकाच लांबीला जुळवावेत, नाहीतर सांगाडा पिळतो. दोन्ही साखळ्यांचा ताण सारखा ठेवावा. मग ओझ्याशिवाय अनेकदा वर-खाली करून तेलातली हवा काढावी, गळती पाहावी आणि त्यानंतरच हळूहळू वजन वाढवत चाचणी घ्यावी.

यानंतर राहते पाटी. यंत्रावरचे वजनाचे आकडे जुन्या मास्टचे असतात. मास्ट बदलला की ते खोटे ठरतात. नवे आकडे यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडून किंवा जाणकार अभियंत्याकडून काढून घ्यावेत आणि नवी पाटी ठोकल्यावरच चालकाच्या हाती किल्ली द्यावी.